प्रत्येक दिवसासाठी किंवा दिवसाच्या भागासाठी

७ जुलै

ताई,

एवढं वाच, मग हवं तर फाड. वर आधी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. सहा वर्षं तोंड न दाखवणाऱ्या भावानं एकदम सप्रेम म्हणायचं, हे जरा अतीच झालं असतं. तुझा नवा पत्ता मी आमच्या कर खात्याच्या नोंदीतून उतरवून घेतला. तसा घेणं नियमात बसत नाही. घे, सुरुवातच गुन्ह्यानं झाली.

लिहितोय कारण आज दुपारी जे पाहिलं ते सांगायला दुसरं कुणी नाही. ऑफिसात सांगितलं तर हसतील, आणि घरात भिंती आहेत.

निवृत्तीला तीन महिने उरलेत म्हणून मला हल्ली न्यायाधिकरणात बसवतात. काम काय, तर सरकारी वकिलाच्या मागच्या खुर्चीत फाइली मांडीवर घेऊन बसायचं आणि त्यांनी हात मागे केला की नेमका कागद हातात ठेवायचा. आज एका बाईंचं प्रकरण होतं. नाटकवाल्यांसाठी केसांचे विग करतात. त्यांच्या भागातलं नाट्यगृह दुरुस्तीसाठी वर्षभर बंद होतं, एकही विग गेला नाही, म्हणजे कर शून्य. पण तो शून्य त्यांनी विवरणपत्रात लिहून दिला नाही, म्हणून दंड.

हो, तुमच्यासारखंच. दाजींची पाठ धरली होती, सात महिने वर्कशॉपला कुलूप, बूट बेतायचा एक लाकडी साचा विकला गेला नव्हता, आणि 'काही नाही' हे वेळेत सांगितलं नाही म्हणून तुम्हाला एवढा दंड झाला की दाजींचं लेथ मशीन विकावं लागलं. मी विसरलेलो नाही. तू ती नोटीस माझ्या टेबलावर ठेवलीस, एका ओळीवर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "हे कुणी लिहिलंय रे?" मी म्हणालो, "कायदा कुणी एक माणूस लिहितो का, ताई? कायदा म्हणजे कायदा. तो बहीण-भाऊ ओळखत नाही." आठ दिवसांनी तू पिशवी पाठवलीस. आत दाजींनी माझ्या मापाचे केलेले दोन साचे, उजवा डाव्यापेक्षा अंमळ मोठा, आणि चिठ्ठी: 'हे तुझे पाय. तुझे तू सांभाळ.' ते कपाटावर आहेत. दर रविवारी पुसतो.

तर विगवाल्या बाई. वकील नाही. कायद्याचं पुस्तक मात्र होतं, सरकारी दुकानातून घेतलेलं, केस विणायची सुई खूण म्हणून घातलेली. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला वकील परवडत नाही, पण वाचता येतं. हा कायदा मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीनदा वाचला. माझा दंड यात मला सापडला नाही."

न्यायाधीशांना सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी आमच्या वकिलांना विचारलं, "कोणतं कलम?"

"नियम सतरा, साहेब."

"नियम नाही विचारला. नियम खात्यानं केलेले असतात. सभागृहानं केलेल्या कायद्यातलं कलम विचारतोय."

वकिलांचा हात मागे आला. मी कागद दिला नाही, तोंडानंच सांगितलं: एक्केचाळीस. मला ते पाठ आहे. न्यायाधीशांनी पुस्तक उघडलं, वाचलं, पान उलटलं, परत मागे आले आणि मोठ्यानं वाचलं: "खात्याची मोहोर गोल असेल व तिच्या कडेनं खात्याचं नाव असेल."

ताई, कुणी हसलं नाही. सगळं सरकार एका बाजूला, एवढाली इमारत, एवढ्या फाइली, आणि समोर बोटांना केस चिकटलेली एक बाई. ती नुसतं 'दाखवा' म्हणाली आणि आम्हाला दाखवता येईना. एवढी वर्षं याच खात्यात घासली, पण आपण ज्याच्या नावानं नोकरी करतो ते इतकं मोठं आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढची तारीख ५ ऑगस्ट. मूळ मसुद्याची फाइल आणायची आहे, आणि ज्यानं नियम लिहिला त्याचं प्रतिज्ञापत्र. त्या माणसाला शोधायचं काम माझ्याकडे आलंय. सापडला की कळवतो.

तुझा भाऊ
(अजून असलो तर)


१६ जुलै

ताई,

उत्तराची वाट पाहिली नाही. खोटं बोललो, पाहिली.

फाइल सापडली. रेकॉर्ड रूममध्ये तीन दिवस शिंका देत बसलो होतो. सापडल्यावर ती घेऊन तिथल्याच स्टुलावर अर्धा तास बसून राहिलो. तुला नीट कळायला आमच्या मसुदा कक्षाची रीत सांगायला हवी.

नवे नियम म्हणजे कुणी आभाळाकडे बघून लिहीत नाही. जुन्या छापील नियमांच्या दोन प्रती घ्यायच्या. दोन अशासाठी, की एक कापली की तिच्या पाठीवरचा मजकूर जातो. मग कात्री. आमच्या कात्र्या टेबलांना सुतळीनं बांधलेल्या असत, नाहीतर हिशेबवाले पळवत. हवी ती पट्टी कापायची, कोऱ्या कागदावर डिंकानं चिकटवायची, मध्ये हातानं भर घालायची. या कामात माझा हात असा बसला होता की मला सगळे डिंकराव म्हणायचे. अजून म्हणतात.

आणि प्रत्येक नियमाच्या डावीकडे समासात लाल शाईनं एक आकडा लिहायचा. हा नियम कायद्याच्या कोणत्या कलमातून जन्मला, तो आकडा. आमचे पहिले हेडक्लार्क त्याला 'आई' म्हणायचे. मसुदा हातात घेतला की चष्मा कपाळावर चढवून पट्टीपट्टीवर बोट ठेवत जायचे: "हिची आई कोण? हिची?" आई नसलेली पट्टी ते नखानं खरवडून काढत. ओल्या डिंकाचा तो चर्र आवाज मला अजून ऐकू येतो. मी नव्या कायद्याचे नियम केले तोवर ते निवृत्त झाले होते.

तर अकरा वर्षांपूर्वी नवा कायदा आला आणि नियमही नवे करायचे ठरले. नियम सतराची पट्टी जुन्या नियमांतून कापलेली आहे. एरवी पट्टी समास सोडून कापतात. ही समासासकट कापली गेली, आणि ऑफिसच्या जुन्या छापील प्रतीवर हातानं लिहून ठेवलेला लाल एक्केचाळीस तिच्याबरोबर आला. जुन्या कायद्यात एक्केचाळीस होतं दंडाचं कलम. नव्यात आहे मोहोर. पण समासात लाल आकडा दिसतोय म्हटल्यावर कोण कशाला पुस्तक उघडतंय? समितीनं सह्या केल्या, राजपत्रात छापून आलं, आणि अकरा वर्षं आम्ही लोकांना मोहोरेच्या कलमाखाली दंड केला.

हसू नकोस. किंवा हस. मी त्या स्टुलावर हसलो होतो, मग हसणं थांबवता येईना.

आमच्या साहेबांना दाखवलं. ते शांत माणूस आहेत, चिडले की आणखी शांत होतात. म्हणाले, "समासातला आकडा ही लेखनिकाची चूक. कायद्याच्या शेवटी सर्वसाधारण कलम आहेच ना, अंमलबजावणीसाठी खात्यानं नियम करावेत असं. दंड त्या अधिकाराखाली केला, विचारपूर्वक केला, असं प्रतिज्ञापत्र करा. खाली मसुदा लिहिणाऱ्याची सही हवी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमची निवृत्ती सप्टेंबरअखेर ना? सगळं सुरळीत होऊ दे."

हो ताई. लिहिणारा सापडला. नियम तसा समितीचा आहे, मी फक्त चिकटवला.

तुझा भाऊ


२५ जुलै

ताई,

प्रतिज्ञापत्रावर सही केली. हो, केली. मंगळवारी. पेन्शन हा शब्द तू कधी नोकरी केली नाहीस म्हणून तुला किरकोळ वाटेल.

हे पत्र त्यासाठी नाही. काल जे वाचलं त्यासाठी आहे.

साहेब म्हणाले, सभागृहाच्या ग्रंथालयात जा आणि आपल्या बाजूचं काही मिळतंय का बघा. कायदा होताना तिथे जी चर्चा होते ती शब्दन् शब्द छापून ठेवतात, हे मला ऐकून माहीत होतं. चौतीस वर्षं त्या इमारतीवरून बसनं गेलो, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेलो आणि दारातच टोपी काढली. डोक्यावर टोपी नव्हती, तरी हात वर गेला. जमिनीपासून छतापर्यंत खंडच खंड, वरच्या कप्प्यांना हात पुरावा म्हणून चाकांची शिडी. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कोणतं वर्ष?" मी सांगितलं आणि त्या शिडी सरकवत गेल्या, जणू आपल्या स्वयंपाकघरातला डबा काढायचा आहे.

ताई, नव्या कायद्याच्या विधेयकात दंडाचं कलम होतं. एक्केचाळीसच. 'कर देय असो वा नसो' असंच होतं. आणि एक सभासद उठले होते. पूर्वी सायकली दुरुस्त करायचे, असं त्यांनीच भाषणात सांगितलंय. त्यांचं बोलणं मी वहीत उतरवून घेतलं, तुला जसंच्या तसं देतो:

"अध्यक्ष महोदय, जो कर बुडवतो त्याला खुशाल धरा. त्यासाठी अडतिसावं कलम आहे, त्याला माझी हरकत नाही. पण माझं दुकान दोन महिने बंद होतं तेव्हा माझ्या घरात आजारपण होतं. त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं की तुझ्याकडे काही नाही हे तू उशिरा कळवलंस म्हणून दंड भर, तर मी पाना फेकून मारला असता. (हशा.) हसू नका. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून 'काही नाही' म्हणायला उशीर झाल्याचे पैसे घेऊ नका. दंड ही लहान गोष्ट नाही. तो करायचा तर इथे, या सभागृहात, सर्वांच्या तोंडावर ठरवून करा. आणि मी म्हणतो, करू नका."

मग दोन तास चर्चा. कुणी म्हणालं शिस्त राहणार नाही, कुणी म्हणालं खात्यावर सोडा. शेवटी मतदान. एकशे बारा विरुद्ध सत्त्याण्णव. कलम गाळलं. खालची कलमं एकेक पायरी वर सरकली, आणि बेचाळिसावी मोहोर एक्केचाळिसावी झाली.

मी तो खंड मिटला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसलो. तुझं नाव ज्यांनी आयुष्यात ऐकलं नाही अशा एकशे बारा माणसांनी, दाजींची पाठ धरण्याच्या पाच वर्षं आधी, त्यांच्या आजारपणाची काळजी केली होती. हात वर करून केली होती. ते छापून, बांधून, शिडीवर चढवून ठेवलं होतं. किती मोठी गोष्ट आहे ही! मला तर आपल्या देशात असं काही होतं हेच नवल वाटलं. मी कायद्याला दगड समजत होतो, आणि आत माणसं बसलेली निघाली.

आणि त्यांनी दारातून बाहेर काढलेली गोष्ट एका कारकुनानं सुतळीला बांधलेल्या कात्रीनं मागच्या खिडकीतून परत आत आणली.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "सापडलं का हवं ते?" मी नाही म्हणालो. साहेबांनाही तेच सांगितलं.

तुझा भाऊ


५ ऑगस्ट

ताई,

आज तारीख होती. बूट दाजींनी दिलेलेच घातले होते, त्या साच्यांवर बेतलेले. आता एवढेच बरे उरलेत. बाकी कुठलेही घाला, उजवा पाय रडतो.

वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. "सर्वसाधारण अधिकाराखाली, विचारपूर्वक." ऐकायला इतकं छान वाटत होतं की मलाही क्षणभर पटलं. मग न्यायाधीश विगवाल्या बाईंना म्हणाले, यांना काही विचारायचं असेल तर विचारा. मी उभा राहिलो. वाटलं, ही आता कलमं काढणार, मी तयारच होतो. अकरा उत्तरं पाठ केली होती.

त्यांनी नोटिशीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, हे कुणी लिहिलंय?"

तेच शब्द. बोटसुद्धा तसंच, दुसऱ्या पेरापाशी वाकलेलं. मी बुटांकडे बघितलं. मग म्हणालो, "मी."

न्यायाधीशांनी मान वर केली. "समितीनं की तुम्ही?"

"समितीनं सह्या केल्या. वाक्य माझं आहे."

"सर्वसाधारण अधिकाराखाली? विचार करून?"

"नाही, साहेब. डिंकानं."

लेखनिक बाईंनी टाइप करता करता थांबून माझ्याकडे बघितलं आणि खरंच 'डिंकानं' असं टाइप केलं. मग मी सगळं सांगितलं. पट्टी, समास, लाल आकडा, सभागृहातला सायकलवाला, एकशे बारा हात. प्रतिज्ञापत्र खोटं आहे, सही माझीच आहे, हेही. आमच्या वकिलांचा हात पाठीमागे आला होता, कागदासाठी, आणि तसाच अधांतरी राहिला. बिचारे. त्यांचा यात काही दोष नव्हता.

बोलून झालं तेव्हा न्यायाधीश लिहून घेत होते. रुमाल डाव्या हातात तसाच. मला भीती नाही वाटली, ताई. देवळात पहिल्यांदा गेलेल्या पोरासारखा मी नुसता इकडेतिकडे बघत होतो.

आता तुला सांगायचं राहिलंय ते सांगतो. तिथे सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

पट्टी समासासकट कापली गेली ही चूक. पण ती पट्टी नव्या नियमांत का घेतली, ही चूक नव्हती. ते वाक्य जुन्या नियमांतही माझंच होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लिहिलेलं: 'विवरणपत्र मुदतीत न दिल्यास, कर देय असो वा नसो, विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी किंवा दिवसाच्या भागासाठी पुढील दराने दंड होईल.' एक शब्द इकडचा तिकडे होत नाही त्यात. माझा जीव होता त्यावर. नव्या कायद्यात त्याची आई आहे का, हे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाक्य काढावं लागलं असतं.

आणि तू ती नोटीस टेबलावर ठेवलीस तेव्हा मला ते उलट्या बाजूनंही ओळखता आलं होतं. पहिली गोष्ट मनात आली ती तुझी नव्हती. दाजींचीही नव्हती. छापलेलं किती सुरेख दिसतंय, हे आलं. मग मी तुला ते कायद्याचं उत्तर दिलं.

तुला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं ठाऊक होऊ दिलं नाही. लाज वाटते.

ढब्बू


२ सप्टेंबर

ताई,

निकाल लागला. विगवाल्या बाई जिंकल्या.

सगळा निकाल चौदा पानांचा आहे, पण एक परिच्छेद मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. "नमुना कोणता, मुदत किती, कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे खात्यानं नियमांनी ठरवावं, तेवढ्यासाठीच त्याला अधिकार दिलेला आहे. शिक्षा ठरवण्याचा अधिकार त्यात येत नाही. दंड कायद्यातून येतो. कायद्यात नसेल, तर तो किती वर्षं वसूल केला, किती लोकांनी मुकाट्यानं भरला, यानं तो जन्माला येत नाही." मला आमच्या हेडक्लार्कांचं नख आठवलं. अकरा वर्षं वाळलेला डिंक, आणि न्यायाधीशांनी तो एका परिच्छेदात खरवडला.

अकरा वर्षांत ज्यांनी ज्यांनी हा दंड भरला त्या सगळ्यांना परत द्यायचाय. बाहेर आल्यावर विगवाल्या बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं चार शब्द ऐकवणार. त्यांनी माझ्या टकलाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला करड्या केसांचा शोभेल. कधी आलात तर माप घेईन." एवढंच. सुई पुस्तकात घालून गेल्या.

माझी खात्याची चौकशी सुरू झाली आहे. पेन्शनमधून काही कापतील, किती ते अजून ठरायचंय. साहेब फार शांत आहेत. पण गंमत बघ, परताव्याच्या अर्जाचा नमुना करायला या खात्यात दुसरं कुणी धड नाही, म्हणून तो मलाच करायला लावला. माझ्या नोकरीतला शेवटचा मसुदा. या वेळी कात्री लावली नाही, सगळा हातानं लिहिला, आणि डावीकडच्या समासात आई लिहिली. आधी पुस्तक उघडून पाहिली, तीनदा. मग ग्रंथालयात जाऊन खंडातही पाहिली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "पुन्हा आलात?" मी म्हटलं, "नुसता बघायला आलो."

अर्ज सोबत जोडलाय. तुझं नाव, नोटिशीचा क्रमांक, तारीख, सगळं भरलंय. सही तेवढी तुझी हवी. लेथ मशीन यानं परत येणार नाही, मला ठाऊक आहे. ते कुणी घेतलं ते शोधायला गेलो होतो. त्या माणसानं ते केव्हाच मोडीत काढलंय.

उत्तर दिलं नाहीस तरी अर्ज मात्र पाठव. तो माझ्यावर उपकार नाही. ते तुझं आहे, एकशे बारा जणांनी दिलेलं.

ढब्बू


११ सप्टेंबर

ढब्ब्या,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं आणि फाडलं. दुसरं आल्यावर ते चिकटवलं. डिंक काही तुझ्या एकट्याच्या मालकीचा नाही.

मला ठाऊक नव्हतं म्हणतोस? अरे वेड्या, ठाऊक होतं म्हणून तर आले होते. आपल्या घरात दोघांत एकच टेबल होतं, आठवतंय? तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा तू त्या टेबलाचे नियम लिहून दारामागे चिकटवले होतेस. 'टेबल वेळेवर रिकामे न केल्यास प्रत्येक दिवसासाठी किंवा दिवसाच्या भागासाठी एक गोटी.' तुझं वाक्य म्हणे! वाचनालयाच्या कार्डावर पुस्तक उशिरा आणल्याचा दंड छापलेला असायचा, तिथून उचललं होतंस. कार्ड माझं होतं. आणि माझ्या गोट्यांची अख्खी बरणी तू त्या वाक्यावर जिंकलीस, दिवसाचा भाग म्हणजे पाच मिनिटंसुद्धा, असं सांगून.

नोटीस वाचली आणि मी दाजींना म्हटलं, हे आपल्या ढब्ब्याचं आहे. ते पाठीला पट्टा बांधून पडले होते. म्हणाले, मग जा, विचार त्याला, तो नाही म्हणायचा नाही. मशीन विकायचं आमचं ठरलंच होतं. मी सूट मागायला आले नव्हते रे. दंड माफ कर म्हणाले का एकदा तरी? तू 'मी' म्हणतोस का, एवढंच बघायला आले होते.

आता म्हणालास. भर कोर्टात, परक्या बाईला. उशीर झाला, पण किती दिवस आणि दिवसाचे किती भाग, ते मोजत बसायला मी काही तुमच्या खात्यात नाही.

ते सायकलवाल्या सभासदाचं पान मी दाजींना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "माझ्यासाठी कुणीतरी भांडलं होतं, आणि मला माहीतच नव्हतं." ते पान आम्ही जपून ठेवलंय.

अर्ज वाचला. मुदत लिहिली नाहीस त्यात. सुधारलास म्हणायचा. सही करून सोबत पाठवलाय.

दाजी हल्ली मशीनशिवाय, हातकानशीनं साचे घासतात. दिवसाला एकच होतो, पण होतो. ते म्हणतात साठी जवळ आली की पाय पसरतात, जुनं माप चालायचं नाही, उजव्याला भर घालावी लागेल. तीसला सुटतोस ना? मग एक तारखेला निघ. येताना तुझे पाय घेऊन ये.

ताई